आतला कागद

नगर, मोठा दवाखाना
२१ जानेवारी, मंगळवार

गोरखभावजी,

रंगूवहिनीचा नमस्कार. घ्यायचा तर घ्या, नाहीतर राहू द्या, पण पत्र पुरतं वाचा. फोन तुम्ही उचलत नाही. निकितानं तर जाऊ असून माझा नंबरच बंद करून टाकला. फोन तोडायला एक बोट पुरतं, पत्र फाडायला दोन्ही हात लागतात. तेवढ्यात दोन ओळी डोळ्यांखालून जातील म्हणून लिहिते. अक्षराला हसू नका. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होतात आणि तुमचे पाढे माझ्या याच चौथीच्या शिक्षणावर पाठ झाले.

तुमचे भाऊ आयसीयूत आहेत. रविवारी आणलं. वाचतील का विचारलं तर कोणी हो म्हणत नाही.

झालं काय, डाळिंबाची छाटणी चालू होती. जुनी बाग तर तळं आटलं तेव्हाच वाळून गेली, ही नंतर लावलेली साठ झाडं. काटा चपलेतून आरपार टाचेत गेला. उपटला तर टोक आत मोडलं. मी गूळ-चुना गरम करून बांधला, आपल्या घरात आजवर करत आलो तसा. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, काट्याला कुठं डॉक्टर लागतो. मीपण गप्प बसले. तीन दिवस लंगडत हिंडले. शनिवारी थंडी वाजायला लागली, दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजायचे थांबेनात. रविवारी सकाळी मला ओळखेनात. पाय गुडघ्यापर्यंत लालभडक. मिरजगावच्या डॉक्टरनं बीपी बघितलं आणि गाडी बोलावून सरळ इकडं धाडलं.

इथं सेप्सिस म्हणतात. जखम पायाला आणि आग साऱ्या अंगात. टाच चिरून पू काढला, त्यात ते टोक निघालं. नर्सनं मला दाखवलं. बाजरीच्या दाण्याएवढं, भावजी. एवढ्याशानं सहा फुटी माणूस आडवा केला.

शुद्ध नाही पण बोलतात, आणि एकच बोलतात. "गोरख, पानी किती ऱ्हायलं?" काल अकरा वेळा म्हणाले. नर्सनं विचारलं, गोरख कोण. धाकटा भाऊ म्हटलं. मग बोलवा की, म्हणाली. तिला काय सांगत बसू.

तळ्याचं झालं ते झालं. येत्या चैत्रात चार वर्षं होतील. तळ्यात अंथरलेला कागद कुणी फाडला, कसा फाडला, ते उकरायची ही वेळ नाही. देवळासमोर चार माणसांत तुमचे भाऊ म्हणाले की तुझ्या लोखंडी शिडीनं माझं पाणी सांडलं. तुम्ही म्हणालात, मी शिडीच्या पायांना पोतं गुंडाळलं होतं. ते म्हणाले, खोटं. तुम्ही दुसऱ्यांदा बोलला नाहीत. शिडी टेम्पोत टाकली, निकिताची ट्रंक टाकली आणि राहात्याला गेलात.

आता या. आपल्या गावचा काकासाहेब डाळिंबं घेऊन राहात्याच्या बाजाराला निघालाय, त्याच्याजवळ हे पत्र देते. तुमचं ठिबकच्या नळ्यांचं दुकान त्याला माहीत आहे. परतताना त्याच्याच गाडीत बसा.

रंगूवहिनी


२२ जानेवारी, बुधवार

गोरखभावजी,

काकासाहेब अजून परत आला नाही. तोवर हे दुसरं लिहिते. काल मी जे बघितलं ते कुणाला सांगितल्याशिवाय मला बसवत नाही, आणि इथं बाकड्यावर जो तो आपल्या माणसाच्या काळजीत. तुम्हाला कळेल. तळ्याचा कागद आपण तिघांनी मिळून अंथरला होता.

इथं एक पंकजाबाई म्हणून डॉक्टर आहेत. वयानं आपल्या निकिताएवढ्या, चालणं मात्र धावल्यासारखं. काल दुपारी आल्या आणि सही मागायला लागल्या, यांचं थोडं जास्तीचं रक्त अभ्यासाला पाहिजे म्हणून. मी म्हटलं, माणूस मरायला टेकलाय आणि तुम्हाला अभ्यास सुचतोय. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, यानं यांच्या औषधात आज काही फरक पडणार नाही, खोटं सांगणार नाही. मग फायदा कुणाला, मी विचारलं. पुढं येणाऱ्या माणसाला, म्हणाल्या. बरं वाटलं मला. दोन दिवसांत पहिल्यांदा कुणी सरळ बोललं.

मग मी माझं विचारलं. रविवारपासून सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या चालल्यात, तरी बीपी वर येत नाही. पंपातून बीपीचं औषध लावलंय तरी धड नाही. लघवी होत नाही. आणि तोंड, हात, पोट फुगत चाललंय, अंगठी साबण लावून काढावी लागली. मग ते पाणी जातंय कुठं? बाई सांगायला लागल्या, रक्तवाहिनी म्हणजे काय, पेशी म्हणजे काय. मला धीर निघेना. मी म्हटलं,

"वरून पानी टाकतोय ते टिकत न्हाई आन खालचं रान वलं झालंय. म्हंजे आतला कागद गेला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. कसला कागद, विचारलं. मी शेततळ्याचं सांगितलं. नुसत्या मुरमात पाणी राहत नाही, म्हणून आतून तो जाड काळा प्लास्टिकचा कागद अंथरायचा. तो धड तोवर तळं. तो गेला की बोअर रात्रंदिवस चालवा, पाणी खालच्या रानात. बाई स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्याच. म्हणाल्या, "मावशी, पाच वर्षं मी हे पोरांना शिकवते. इतकं सोपं मला सांगता आलं नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं ते ऐका. आपल्या अंगात जेवढ्या म्हणून रक्ताच्या नळ्या आहेत, मनगटाएवढ्या नसतील पण बोटाएवढ्या, सुतळीएवढ्या, केसाहून बारीक, त्या सगळ्यांना आतून अस्तर आहे. एकाच पेशीच्या जाडीचं. कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. सगळं उकलून अंथरलं तर काहीजण म्हणतात एकरभर होईल, काहीजण म्हणतात चार-सहा गुंठ्यांत मावेल. मी विचारलं, मोजलं कुणी? हसल्या. म्हणाल्या, अंथरून कुणी बघितलं नाही, म्हणूनच भांडतात. भावजी, चार गुंठे धरा. आपलं तळंसुद्धा एवढं नाही. आणि एवढं अंथरलेलं घेऊन आपण एसटीत दाटीनं बसतो, भाकरी थापतो, एकमेकांशी अबोला धरतो, आणि पत्ताच नाही.

आणि ते मेलेल्या कागदासारखं नाही, जिवंत आहे. एरवी गुळगुळीत, रक्त सरसर जातं. कुठं काटा रुतला की तिथलं अस्तर जागं होतं. गळाला असतात तसे बारीक आकडे बाहेर काढतं, वाहत्या रक्तातून पांढऱ्या पेशी पकडतं, स्वतःला फट पाडून त्यांना जखमेकडं सोडतं. म्हणजे भोक पाडायचं तेपण राखणदारांना वाट द्यायला. पण ते पायापुरतं पाहिजे. यांच्या अंगात सगळीकडचं अस्तर एकदम उठलंय. एका घराला आग लागली म्हणून साऱ्या गावानं आपापल्या भिंती पाडल्या, असं.

मग मला कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. त्या अस्तरावर लव असते. फुलोऱ्यातल्या बाजरीच्या कणसावर असते ना, हात लावला की बोटाला लागते, तश्शी. शेजारचं चित्र आजारी माणसाचं. बोडकं, कापणी झाल्यासारखं. ती झडलेली लव रक्तात वाहत असते. ते आकडेही तुटून रक्तात येतात. तेच त्या मोजतात. डोळ्यांना अस्तर दिसत नाही, पण त्याचे कण रक्तात किती आले त्यावरून आत काय चाललंय ते कळतं.

मी सही केली. यांचं रक्त नळीत घेऊन यंत्रात गरगर फिरवलं, तर लाल सगळं तळाला आणि वर मधासारखं पिवळं पाणी. पंकजाबाईंनी नळी उजेडाला धरली. मला त्यात काही दिसलं नाही. स्वच्छ. तरी माझे हात आपोआप जोडले गेले, बाईंना का नळीला, ते माहीत नाही. एकतीस वर्षं ज्या माणसाला जेवायला वाढतेय त्याच्या आतलं एवढं रान मी कधी बघितलं नव्हतं.

बाईंनी विचारलं, तुमचा कागद गेलेला तुम्हाला कधी कळलं? चैत्रात, तळं रिकामं झाल्यावर, असं मी सांगितलं. खरं तर संक्रांतीलाच खालच्या बांधावर हरळी हिरवीगार झाली होती. मी बघितली होती. असो ते.

या लवकर.

रंगूवहिनी


२४ जानेवारी, शुक्रवार

गोरखभावजी,

काकासाहेब आला. म्हणाला, तुम्ही दुकानात उभ्यानं पहिलं पत्र वाचलंत, घडी घालून खिशात ठेवलंत आणि निरोप दिलात की ज्यानं तळ्याला भोक पाडलं त्याला बोलवा, माझं काय काम.

ती इथंच आहे. रविवारपासून आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर बसून आहे.

काकासाहेबाला आजच परत धाडते, बुधवारचं पत्र आणि हे घेऊन. आता मध्ये थांबू नका, वाचा. त्या वर्षी घटाची धुणी काढली होती. नवरात्राच्या आधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, निकिता पोटुशी म्हणून मी एकटीच. ओढ्याला गाळ आलेला. तळं काठोकाठ, निळंशार. तुमच्या भावाचा दंडक होता, कागदावर लोखंड न्यायचं नाही, चप्पलसुद्धा नाही. मी चपला बांधावर काढल्या. मनात म्हटलं, गोधडी काय लोखंड आहे का. उतारावर बसून पायानं तुडवून धुतल्या. मोठी गोधडी पाणी पिऊन जड झाली, ती काठाकडं ओढली तर फस्सकन आवाज आला. आदल्या दिवशी मी तिचा कोपरा शिवला होता आणि पोती शिवायचा दाभण तिच्यातच राहिला होता.

वीतभर फाटलं. मी हातानं दाबून सारखं केलं. पाण्याखाली दोन्ही कडा जुळल्या आणि दिसेनासं झालं. दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी स्वतःला सांगितलं. दाभण पदरानं पुसला, घरी नेऊन डब्यात ठेवला. तो अजून आहे. पुढं डिसेंबरात मोटार अडकली म्हणून तुम्ही शिडी उतरवलीत. पायांना पोतं गुंडाळलं होतं. मी स्वतः ते पोतं दिलं होतं तुम्हाला. देवळासमोर तुमचे भाऊ खोटं म्हणाले तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी पदर सारखा करत राहिले.

मी एवढं एक "व्हय, पोतं हुतं" म्हणाले असते तर पुढचा प्रश्न आला असता. मग कुणी फाडलं. म्हणून तेवढंही म्हणाले नाही.

हे मी आज लिहिते, कारण काल तिसऱ्या दिवसाचं रक्त घेतलं. मी पंकजाबाईंच्या मागं लागून आकडा विचारला. त्या सांगत नव्हत्या, मी दारात उभी राहिले. धडधाकट माणसात त्या लवेचा आकडा तीस-चाळीस असतो. यांचा पहिल्या दिवशी दोनशे दहा होता, काल दोनशे साठ. बाई म्हणाल्या, आकड्यावरून माणूस ठरत नाही, पण मी तुम्हाला दिलासा देऊ शकत नाही.

मी घरी चार वर्षं राबते, बोलते, जेवते. वरून निळंशार. माझं रक्त कुणी काढून असं फिरवलं असतं तर काय काय वर आलं असतं.

मला काय म्हणायचं ते म्हणा. आयुष्यभर तोंड बघू नका. पण त्यांचं बघा. आजही विचारत होते, पाणी किती राहिलं.

रंगू


३० जानेवारी, गुरुवार

गोरखभावजी,

तुम्ही शनिवारी आलात आणि मंगळवारी गेलात. चार दिवस एका बाकड्यावर बसून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चहा आणला तो दोन कप आणलात, माझा कप बाकड्यावर ठेवून पलीकडं तोंड करून बसलात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

पण आत गेल्यावर तुम्ही त्यांच्या कानाशी काय म्हणालात ते मी काचेतून नाही, नर्सकडून ऐकलं. "पानी हाय दादा. काठोकाठ हाय. तू नीज." मग ते पाणी पाणी करायचे थांबले. त्यानं बरे झाले असं मी म्हणत नाही. औषधं लागू पडली, पायातला पू गेला, मी काही वेडी नाही. पण थांबले.

तुम्ही गेल्यावर पंकजाबाईंनी सोमवारच्या रक्ताचा आकडा सांगितला. एकशे दहा. मी विचारलं, बाकीची लव कुठं गेली? म्हणाल्या, झडायची थांबत आली. आणि नवी उगवायला लागली. कुणी लावली, मी विचारलं. कुणीच नाही मावशी, अस्तर आपलं आपण भरतं, सवड मिळाली पाहिजे.

मी आत जाऊन बघितलं. सूज उतरून हाताची कातडी सुरकुतली होती, धुवून वाळत घातल्यासारखी. दोन दिवसांत घागरीच्या घागरी लघवी झाली. खालच्या रानात गेलेलं पाणी माघारी तळ्यात आलं, भावजी, आणि तळ्यातून रीतीनं बाहेर गेलं. कुठल्या शेतकऱ्यानं असं कधी बघितलंय? मी तासभर नुसती त्यांच्या हाताकडं बघत बसले. ते शुद्धीवर आले होते, त्यांना वाटलं मी रडते. मी रडत नव्हते. आतमध्ये तेवढ्या गुंठ्यांवर, एका वेळी केसाहून बारीक नळीत, काम चालू होतं, आणि ते माझ्याकडं बिस्कीट मागत होते.

जाताना जिन्यात तुम्ही थांबलात आणि एकच बोललात. "वहिनी, दादाला मी सांगनार न्हाई. ते तुमचं काम."

व्हय. माझंच.

रंगूवहिनी


घरून
९ फेब्रुवारी, रविवार

गोरखभावजी,

बुधवारी घरी आणलं. मी गुरुवारी सांगणार होते, शुक्रवारी सांगणार होते. काल सकाळी ते अंगणात खाटेवर ऊन खात बसले होते, पाय उशीवर. मी डब्यातून दाभण काढला आणि त्यांच्या हातात दिला. मग मी बोलले. मध्ये थांबले नाही, रडले नाही, गोधडीपासून पोत्यापर्यंत सगळं.

ते दाभण उलटासुलटा करून बघत राहिले. मग म्हणाले, "आन चार वर्सं तू मला जेवाय वाढलंस."

दुपारी मी ताट वाढलं तर त्याला हात लावला नाही. उठले, भिंतीला धरत लंगडत चुलीपर्यंत गेले, टोपलीतली भाकरी आपल्या हातानं घेतली, मिरची घेतली आणि बाहेर जाऊन खाल्ली. बाहेर ठसका लागला तर पाण्याचा तांब्यासुद्धा माझ्या हातचा घेतला नाही. ते ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

ऊन कलल्यावर म्हणाले, तळ्याकडं ने. डॉक्टरनं चालू नका सांगितलंय, म्हटलं. ने म्हणतो ना, म्हणाले. माझ्या खांद्यावर हात ठेवला, ठेवावाच लागला, आणि आम्ही गेलो. चार वर्षांत ते तिकडं फिरकले नव्हते. तळात धूळ, बाभळीच्या शेंगा, कागद उन्हानं पांढरट. ते काठावर बसले. कुठं, एवढंच विचारलं. मी उतारावरची जागा दाखवली. वीतभर फाटलेलं, कडा वळलेल्या. तिथंच मघाशी शेळी जाऊन आली असावी, लेंड्या पडल्या होत्या.

बराच वेळ बघत बसले. मी त्यांना पंकजाबाईंचं सगळं सांगितलं, जे तुम्हाला लिहिलं होतं ते. अस्तर, लव, ते आकडे, राखणदारांना वाट देणाऱ्या फटी, नळीतलं पिवळं पाणी. त्यांनी स्वतःचा हात पुढं धरला आणि मनगटाच्या निळ्या शिरा बघितल्या. मग दुसऱ्या हाताचं बोट त्या शिरेवरून हळूच फिरवलं, नव्या वासराच्या अंगावरून फिरवतात तसं.

"ह्ये आपलं आपन भरलं?" म्हणाले.

व्हय म्हटलं.

त्यांनी तळ्यातल्या त्या फाटक्या जागेकडं बोट केलं. "ह्ये न्हाई भरायचं."

न्हाई, म्हटलं.

सूर्य बांधाला टेकला तेव्हा बोलले. त्यांचं बोलणं जसंच्या तसं लिहिते, माझं एक अक्षर नाही:

"गोरखला लिही. कागदाचा तुकडा आन चिकटवायचं यंत्र घिऊन ये म्हनावं. आन ती शिडी आन. पोतं गुंडाळलंय का, त्ये मी इचारनार न्हाई."

आज सकाळी त्यांनी ताट घेतलं. माझ्याकडं न बघता, पण माझ्या हातातून घेतलं.

कधी येता ते काकासाहेबाजवळ सांगा. मी तळं झाडून ठेवते, अनवाणी.

रंगूवहिनी